मिठाचे रसायन आणि रसत्याग

मराठी भाषेने मिठाला जेवढा मान दिला आहे, तेवढा किराणा मालातील दुसऱ्या कोणत्याही जिनसाला दिलेला नाही. माणसाला जागावे लागते ते खाल्ल्या मिठाला. चांगला जमत आलेला बेत फसला की त्यात मिठाचा खडा पडतो. बोलण्याचे टाळणारा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. आणि सौंदर्यासाठी संस्कृतातून आलेला ‘लावण्य’ हा शब्दही मुळात ‘लवणा’पासूनच निघालेला. दुकानाच्या हिशेबात मात्र याच मिठाची जागा सर्वांत खालची. आमच्या तीन पिढ्यांच्या दुकानात तूप कुलपात, वेलदोडे गल्ल्याशेजारी, साखर आतल्या खोलीत आणि मिठाची गोणी बाहेर पायरीवर, अशीच मांडणी असे. रात्री ती गोणी आत घ्यायची राहिली तरी कोणी चोरत नसे. आजोबा म्हणत, “मीठ विकून कोणी श्रीमंत होत नाही, पण ‘मीठ नाही’ म्हटले, की गिऱ्हाईक साखरही दुसऱ्या दुकानातून घेते.”

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकून मी पुढे याच दुकानाच्या गादीवर बसलो. त्यामुळे मीठ मला तीन ठिकाणी भेटले: पेठेत, प्रयोगशाळेत आणि स्थानकात. पेठेत ते माल होते, प्रयोगशाळेत सोडियम क्लोराइड होते आणि स्थानकात पृथ्वीकाय. ही तीन ज्ञाने एकाच मस्तकात शेजारी शेजारी राहत होती. परंतु त्यांची परस्परांशी कधी बोलाचाली झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी घरात घडलेल्या एका प्रसंगाने त्यांना समोरासमोर बसवणे भाग पडले. तो प्रसंग सांगण्यापूर्वी या पदार्थाची थोडी ओळख करून घेऊ.

मीठ हे दोन मूलद्रव्यांचे संयुग आहे. त्यांपैकी सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ, चांदीसारखा चकाकणारा धातू. १८०७ साली हंफ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो प्रथम वेगळा केला. पाण्याशी गाठ पडताच तो तडतडत पेट घेतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. दुसरे मूलद्रव्य क्लोरीन, पिवळसर हिरव्या रंगाचा, घसा आणि फुप्फुसे जाळणारा वायू. १७७४ साली कार्ल शीले यांनी तो तयार केला आणि ते एक मूलद्रव्य आहे हे पुढे १८१० साली डेव्ही यांनीच सांगितले. २२ एप्रिल १९१५ या दिवशी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच वायू नळकांड्यांतून शत्रूवर सोडला. क्लोरीन ज्या कुटुंबात मोडतो त्या मूलद्रव्यांना ‘हॅलोजन’ म्हणतात. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थच ‘मीठ उत्पन्न करणारा’ असा आहे.

एक जाळणारा धातू आणि एक मारणारा वायू एकत्र आले, की बाळाच्या भातातही घालता येईल असा पदार्थ कसा होतो? सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांपैकी सर्वांत बाहेरचा एक त्याला जड झालेला असतो. क्लोरीनच्या अणूत १७ असतात आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत बरोबर एकाची उणीव असते. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित होतो आणि विरुद्ध भारांमुळे ते एकमेकांना धरून राहतात. दोघांचीही अस्वस्थता या एका देवघेवीत संपते. धातूचा दाहकपणा आणि वायूचे विष ही त्या उणे-अधिकाची लक्षणे होती. खाते बरोबर झाले आणि ती लक्षणेही उरली नाहीत.

यातील आणखी एक गोष्ट मला विद्यार्थिदशेत फार विलक्षण वाटली होती. मिठाच्या खड्यात ‘एक सोडियम, एक क्लोरीन’ अशी सुटी जोडपी नसतात. १९१३ साली विल्यम ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकाची आतील रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, असा बुद्धिबळाच्या पटासारखा मांड सर्व दिशांना पसरलेला त्यांना दिसला. अमका सोडियम अमक्याच क्लोरीनचा, असे त्यात सांगता येत नाही. या शोधाबद्दल पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा पुत्राचे वय अवघे २५ होते. तरीही हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाला ही कल्पना रुचली नाही आणि १९२७ साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून तिची खरपूस टर उडवली. नवे सत्य जुन्या विद्वानाच्याही गळी सहज उतरत नाही, हे त्यावरून ध्यानी येते.

पायरीवरच्या गोणीला पावसाळ्यात पाणी सुटत असे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय विरघळू लागत नाही. परंतु समुद्राच्या पाण्यातून मीठ पिकवताना, मिठाचे स्फटिक बनल्यावर मागे उरणारे कडवट पाणी पूर्ण निथळले नाही, तर त्यातील मॅग्नेशियम क्लोराइड खड्यांना चिकटून राहते. आणि ते बऱ्याच कोरड्या हवेतूनही ओलावा ओढून घेते. म्हणजे पाझरणाऱ्या मिठात दोष मिठाचा थोडा आणि संगतीचा अधिक. आजोबा खडा जिभेला लावून ‘हे उरणचे नीट निथळलेले’ किंवा ‘हे कडवट, घेऊ नका’ असे सांगत. मॅग्नेशियमचे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. परंतु त्याची परीक्षा त्यांच्या जिभेला होती.

आता स्थानकातील मीठ. आपल्या शास्त्रांत पृथ्वीकाय जीवांच्या भेदांमध्ये लवणाची गणना आहे. म्हणून कच्चे मीठ सचित्त आणि अग्नीचा संस्कार झालेले अचित्त, असा विवेक आपल्या घरांतून पाळला जातो. माझी आजी लोखंडी तव्यावर मीठ भाजून बरणीत भरून ठेवीत असे. मी रसायनाचा विद्यार्थी झाल्यावर तिने एकदा विचारले, “तुझ्या पुस्तकाप्रमाणे भाजल्याने मिठात काय बदलते रे?” मी तिला खरे तेच सांगितले. तव्यावर मीठ तडतडते ते खड्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. मीठ वितळायला मात्र ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते, तेवढी चुलीवर मिळत नाही. तेव्हा पाणी जाते, सोडियम क्लोराइड तसेच राहते. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरोबर आहे. तू विचारतोस ते मीठ कशाचे बनले आहे. मी विचारते ते, त्याला हात लावताना मी कशी वागावी. तुझे उत्तर माझ्या प्रश्नाचे नव्हे.”

या उत्तराचे मोल मला पुढे कळत गेले. अलीकडे आपल्या काही प्रवचनांतून व लेखांतून असे सांगितले जाते, की मिठाच्या स्फटिकातील खाऱ्या थेंबांत सूक्ष्मजीव जिवंत राहतात हे विज्ञानाने दाखवले, म्हणजे पृथ्वीकाय सिद्ध झाला. असे सूक्ष्मजीव खरोखर असतात. मिठागरांचे पाणी कधी कधी गुलाबी दिसते ते अशाच क्षारप्रिय जीवांमुळे. परंतु शास्त्राचे म्हणणे मिठात जीव राहतात एवढेच नाही. पृथ्वी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, असे ते म्हणणे आहे. घरात राहणारा भाडेकरू दाखवून घरच सजीव आहे असे सिद्ध होत नाही. या पुराव्याने विज्ञानाचाही अर्थ बिघडतो आणि आगमाचाही.

तीच गोष्ट तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायाची. उमास्वातींनी (दिगंबर परंपरेत उमास्वामींनी) तेथे पुद्गलांचा परस्पर बंध स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे होतो असे म्हटले आहे. हे धन आणि ऋण भारांचेच वर्णन आहे, असे अनेक विद्वान आवेशाने सांगतात. ऐकताना छाती फुगते, हे मीही नाकारणार नाही. परंतु दोन्ही वह्या उघडून ताळा केला तर रकमा जुळत नाहीत. सूत्रातील परमाणू अविभाज्य आहे, रसायनातील अणू फुटतो. सूत्राप्रमाणे बंधासाठी गुणांच्या अंशांत दोनांचे अंतर लागते आणि ते असल्यास स्निग्धाचा स्निग्धाशीही बंध होतो. मिठात मात्र धन धनाला दूर लोटते. ज्या पूर्वजांनी दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ‘कण एकत्र का येतात, आणि प्रत्येक वेळी का येत नाहीत’ हा प्रश्न विचारला आणि त्याला नियम शोधण्याचा यत्न केला, त्यांचा मोठेपणा तेवढ्यानेच सिद्ध आहे. ब्रॅग पितापुत्रांचा माल आपल्या वहीत जमा धरून तो वाढत नाही. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना हे तरी सांगावे लागू नये.

आता तो प्रसंग. आमच्या मातोश्रींना आम्ही सर्व भावंडे ‘बाई’ म्हणतो. त्यांचे वय तेव्हा ७४ होते. चैत्राची आणि आश्विनाची अशा वर्षाच्या दोन्ही ओळ्या त्या कित्येक वर्षे करीत आल्या होत्या, आणि त्यांची आयंबिले अळणी असत. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर हे सर्व वर्ज्य; मीठ घ्यावे की न घ्यावे याविषयी संप्रदायासंप्रदायांत व घराघरांत वेगवेगळी रीत आहे. बाईंची रीत त्यांच्या सासूबाईंची, म्हणजे निखळ अळणी. त्या चैत्रात उन्हाळा कडक होता. उकळून गार केलेले पाणी त्या भरपूर पीत होत्या. आणि त्याच्या तीनच महिने आधी रक्तदाबासाठी त्यांना नवी गोळी सुरू झाली होती, लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारी.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी धाकट्या सुनेला तिच्या सासूच्या नावाने हाक मारली. सायंकाळी प्रतिक्रमणात, जे त्यांना साठ वर्षे मुखोद्गत आहे, त्या मध्येच थांबल्या आणि पुढचे आठवेना. रात्री दोनला रुग्णालयात नेले, तेव्हा त्या आम्हां कोणालाच ओळखत नव्हत्या. रक्ततपासणीत सोडियम ११६ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते.

डॉक्टरांनी जे समजावले, त्यात माझे जुने रसायन जिवंत होऊन पुढे उभे राहिले. लोणच्याला मीठ लावले की फोडींना पाणी सुटते, कारण जिकडे मीठ अधिक तिकडे पाणी धावते. शरीरात पेशींच्या बाहेरच्या पाण्यात सोडियम अधिक असते आणि त्यानेच हा तोल राखलेला असतो. बाहेरचे मीठ उणे झाले, की पाणी उलट दिशेने, पेशींच्या आत शिरते. इतर अवयव थोडे फुगले तरी चालते. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून प्रथम विसर, मग भ्रम, मग झटके. अळणी आहार, भरपूर पाणी, उन्हाळ्याचा घाम आणि मीठ बाहेर टाकणारी गोळी, यांतील एकेक गोष्ट शरीराने कदाचित सोसली असती. चौघी एकाच आठवड्यात आल्या.

आणि उपाय ‘घ्या मीठ, पाजा पाणी’ इतका सोपा नव्हता. सोडियम वेगाने वाढवले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ते एका दिवसात आठ-दहा अंकांहून अधिक वाढू देत नाहीत. तीन टक्के मिठाचे पाणी यंत्रातून थेंबाथेंबाने जात होते आणि दर काही तासांनी रक्त तपासले जात होते. आयुष्यभर जे मीठ मी मापाने ओतून दिले, ते तेथे थेंबाने मोजले जाताना पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डोळे उघडून विचारले, “आज पारणे आहे ना?”

त्या तीन दिवसांत घर दोन बाजूंना वाटले गेले होते. पुतण्या, जो पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे, तो म्हणाला, “काका, हे सगळे बंद करा आता. देहाला छळून कोणता मोक्ष मिळणार आहे?” आत्याबाई म्हणाल्या, “आयुष्यभर ओळी केली तेव्हा काही झाले नाही. हे तपाने नव्हे, डॉक्टरांच्या गोळीने झाले.” दोघांच्याही बोलण्यात सत्याचा एकेक अंश होता आणि दोघेही तोच पूर्ण आहे असे मानत होते. अनेकान्ताची आठवण ठेवण्याची खरी जागा प्रवचनाची नसून रुग्णालयाबाहेरच्या बाकाची आहे, असे मला त्या वेळी वाटले.

घरी आल्यावर बाईंना एकच काळजी होती. गावात विराजमान असलेल्या महासतीजी मांगलिक सांगण्यास आल्या, तेव्हा त्यांनी हात जोडून विचारले, “महासतीजी, माझे पच्चक्खाण मोडले का?” महासतीजी म्हणाल्या, “श्राविकाजी, आयंबिलाच्या पच्चक्खाणात आठ आगार आहेत. त्यांतला एक समाधीसाठीच ठेवलेला आहे. रोगाने चित्ताची समाधी ढळू लागली तर औषध घेता यावे म्हणून. ज्यांनी तप सांगितले, त्यांनीच आगार सांगितले. आगार घेणे म्हणजे व्रत मोडणे नव्हे. ते व्रताच्या आतलेच आहे.”

मी ते सूत्र लहानपणापासून ऐकत होतो. परंतु त्यात रुग्णासाठी दार ठेवलेले आहे, हे त्या दिवशी प्रथम नीट समजले. रसत्यागाचा अर्थही त्याबरोबर स्पष्ट झाला. आपल्या बाह्य तपांत रसपरित्याग आहे. सदलग्याचे सुपुत्र आचार्य विद्यासागरजी यांनी तर मीठ आणि साखर आयुष्यभरासाठी सोडली होती. त्याग करायचा तो रसाचा, म्हणजे जिभेच्या आसक्तीचा. सोडियमचा त्याग कोणी सांगितलेला नाही. तो देह असेपर्यंत शक्यही नाही. एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असलेले पाणी रुग्णाच्या शिरेतून जाते, तेव्हा त्याच्या जिभेला त्याचा पत्ताही नसतो. जिभेचे मीठ आणि रक्ताचे मीठ रसायनाने एक आहे, तपाच्या दृष्टीने नाही.

पुढच्या आश्विनात बाईंनी ओळी केली. डॉक्टरांनी ती गोळी बदलून दिली, पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आणि महासतीजींच्या अनुज्ञेने त्यांनी भाजलेल्या मिठाचे आयंबिल केले. चौथ्या दिवशी रक्त तपासले, ते ठीक होते. पुतण्या ओळीच्या शेवटच्या दिवशी पुण्याहून आला आणि पारण्याला त्यांच्या शेजारी बसला. आत्याबाईंना मीठ घेतलेले आयंबिल अजूनही पूर्णपणे मान्य नाही. पण त्या तसे मोठ्याने म्हणत नाहीत.

मीठ विकणाऱ्या आणि मीठ खाणाऱ्या आपल्या घरांसाठी या अनुभवातून आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली सैंधवाची. उपवासाला शुद्ध म्हणून घेतलेले सैंधव अनेक घरांत आता रोजचे झाले आहे. तेही सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाला ते साध्या मिठाहून निरुपद्रवी, ही समजूत चुकीची. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पोहोचेपर्यंत दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. गलगंड आणि गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीतील उणीव टाळण्यासाठी तो आहे. घरात सून गर्भवती असेल, तर रोजच्या स्वयंपाकात कोणते मीठ आहे ते पाकिटावर वाचून पाहावे. दुसरी गोष्ट ‘कमी सोडियम’ असे लिहिलेल्या मिठाची. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. अनेकांना ते हितकारक आहे, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना धोकादायक ठरू शकते. ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकण्यापूर्वी ‘डॉक्टरांना विचारले आहे ना?’ एवढे म्हणायला दुकानदाराला काही खर्च येत नाही.

आणि अति मिठाचे दुखणे तर उणे मिठापेक्षा कितीतरी अधिक पसरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी मीठ पुरे. आपली लोणची, पापड, खाकरे आणि फरसाण यांचा हिशेब मांडला, तर पारणे झाल्यापासून पुढच्या ओळीपर्यंतचे सहा महिने आपण कोणत्या बाजूला चुकतो, ते प्रत्येकाला आपल्या ताटातच दिसेल.

आमच्या गावच्या आयंबिलशाळेत ओळीची नावे लिहिण्याची एक जुनी लांबोडी वही आहे. तीत नाव, वय आणि आयंबिलांची संख्या असे तीन रकाने असत. गेल्या चैत्रापासून संघाने एकमताने चौथा वाढवला: ‘चालू औषधे व डॉक्टरांचा सल्ला’. पहिल्याच ओळीत ५३ नावांपैकी १९ जणांच्या रकान्यात रक्तदाबाची गोळी निघाली. त्या सर्वांनी डॉक्टरांना विचारून पच्चक्खाण घेतले. कोणी अळणी, कोणी मीठ घेऊन, आणि दोघांनी आयंबिलाऐवजी एकासणे केले. रकाना भरून घेण्याचे काम बाई स्वतः करतात.